कानांचे गुप्त मतदान

वस्तूचा उपयोग निराळा आणि बाजारात तिला येणारी किंमत निराळी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. तो आम्ही कॉलेजात शिकलो नाही. कॉलेजचे तोंडच आम्ही पाहिलेले नाही. सभासदांचे अर्ज लिहून झाल्यावर युनियनच्या कचेरीत बसून, रद्दीच्या भावाने घेतलेल्या पुस्तकांतून तो आम्ही शिकलो. त्याच पुस्तकांत थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन पंडिताचा १८९९ सालचा ग्रंथ होता. व्हेब्लेनने त्यात दोन चमचे समोर ठेवले आहेत. एक हाताने घडवलेला चांदीचा, दहावीस डॉलरांचा. दुसरा यंत्राने काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा, दहावीस सेंटांचा. खाण्याच्या कामी दोन्ही सारखेच. तरीही चांदीचा चमचा अधिक सुंदर वाटतो, कारण तो महाग आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. किंमत डोळ्यांत शिरते आणि सौंदर्याचे रूप घेऊन बाहेर पडते, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ.

डोळ्यांचे जे होते तेच कानांचेही होते काय, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. घरात गाणे ऐकण्यासाठी काही लोक लाखो रुपयांची यंत्रे घेतात. त्यांच्या शेजारीच थोडक्या पैशांत मिळणारे, पण मोजमापात अचूक ठरणारे यंत्र असते. महाग यंत्रातून खरोखरच अधिक काही ऐकू येते काय? कामगार चळवळीतल्या माणसाने या श्रीमंती शौकाच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा वाद केवळ यंत्रांचा नाही. साध्या माणसाच्या कानाची साक्ष ग्राह्य धरायची की नाही, आणि ती साक्ष दबावाखाली घ्यायची की मोकळेपणी, असा हा वाद आहे. त्याचा इतिहास आमच्या ओळखीचा निघाला, म्हणून तो सांगतो.

प्रारंभ एडिसनपासून करू. १९१५ सालापासून पुढची दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी कंपनीचे डिस्क फोनोग्राफ यंत्र. गायिका आपल्याच तबकडीबरोबर गाई, मध्येच थांबे, पुन्हा गाई. कधी सभागृहातले दिवे मालवत, आणि दिवे लागल्यावर प्रेक्षकांना दिसे की बाई केव्हाच निघून गेल्या आहेत व यंत्र एकटेच गात आहे. टाळ्यांचा कडकडाट होई. या प्रयोगांत वापरलेल्या एका नमुन्याची किंमत २५० डॉलर होती. फोर्डने १९१४ साली कामगाराला दिवसाला पाच डॉलर देऊ केले तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्या नावाजलेल्या मजुरीच्या हिशेबाने हे यंत्र म्हणजे पन्नास दिवसांची कमाई होती. पुढे अनेक वर्षांनी, १९७२ साली, त्या गायिकांपैकी अ‍ॅना केस यांनी सांगून टाकले की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत होतो. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता. प्रेक्षकांना फरक कळला नाही हे खरे. परंतु परीक्षा कोणी मांडली, कोणाच्या फायद्यासाठी मांडली आणि पडद्याआड काय चालले होते, हे पाहिल्यावाचून परीक्षेचा निकाल मानू नये, हा त्यातला धडा आहे.

याचा अर्थ त्या काळी चांगले आणि वाईट यंत्र यांत फरक नव्हता असा नव्हे. फरक प्रचंड होता. अचूक आवाज ही तेव्हा दुर्मिळ आणि महाग वस्तू होती. ती स्वस्त कशी झाली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही.

१९२५ साली ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले. त्याच वर्षी राइस आणि केलॉग या दोन इंजिनियरांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा प्रसिद्ध केला. आता विजेचा क्षीण प्रवाह वाढवून स्पीकरपर्यंत नेणारा अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असण्याची गरज होती. तो नसे. आवाज वाढवताना तो आपल्या पदरचे काहीतरी त्यात मिसळी. हा दोष घालवण्याची युक्ति हॅरल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतल्या तरुण इंजिनियरला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना सुचली. हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच आकृती काढली. युक्ति अशी : बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. जेवढी चूक झाली असेल तेवढी आपोआप वजा होते. कारखान्यात तयार माल नमुन्याशी ताडून पाहणारा तपासनीस असतो, तसा हा विजेचा तपासनीस, आणि तो क्षणभरही डोळा मिटत नाही. यात आवाजाची वाढ बरीच खर्ची पडते, पण अचूकपणा पदरात पडतो.

ब्लॅकचा शोध दूर पल्ल्याच्या टेलिफोनसाठी होता. तो घरच्या गाण्यापर्यंत पोचवण्याचे मोठे श्रेय इंग्लंडमधील विल्यमसन यांचे. त्यांनी १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका अ‍ॅम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा छापला. पंधरा वॅट शक्ति आणि विकृति दर हजारी एक इतकीच. आराखडा उघडा होता. ज्याच्या हातात कावीळकथील होते आणि डोक्यात चिकाटी होती, त्याने तो वाचून घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो जोडलाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग हुडकत फिरणाऱ्या पिढ्यांना या विद्येची चव ठाऊक आहे. ज्ञान मोकळे झाले की वस्तू स्वस्त होते, हे यावरून दिसेल.

स्पीकरच्या बाबतीत हेच काम एडगर व्हिल्चर यांनी केले. खर्जाचे स्वर हवे तर कपाटाएवढी पेटी हवी, अशी समजूत होती. व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये लहान बंद पेटीतल्या कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक दालन उघडले होते. तेथे कोणीही यावे, ऐकत बसावे. तेथे काहीच विकत मिळत नसे. याच माणसाने पुढे बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रात मूलभूत सुधारणा केली, १९७३ साली ती प्रसिद्ध केली आणि पेटंट न घेता सर्वांसाठी खुली ठेवली. या एका कृतीसाठी तरी हे नाव आपल्याकडे माहीत असावे असे आम्हांला वाटते.

सत्तरीच्या दशकापर्यंत ट्रान्झिस्टर आले आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आला. इंग्लंडमधील क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांनी आपलेच तीन अ‍ॅम्प्लिफायर परीक्षेला दिले : एक पन्नास सालानंतरचा जुना व्हॉल्व्हचा आणि दोन नवे ट्रान्झिस्टरचे. जाणकार श्रोत्यांना कोणता केव्हा वाजतो आहे हे सांगितले नव्हते. १९७८ मध्ये निकाल छापला गेला. श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत. आपला नवा माल जुन्यापेक्षा ऐकायला सरस नाही, असा निकाल छापू देणारा कारखानदार विरळा म्हटला पाहिजे.

येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. अचूकपणा स्वस्त झाला, त्याच सुमारास महागाईचा नवा पंथ निघाला. ‘स्टिरिओफाइल’ मासिक १९६२ मध्ये आणि ‘अ‍ॅबसोल्यूट साउंड’ १९७३ मध्ये सुरू झाले. मोजमापाला जे सापडत नाही ते तयार कानाला सापडते, हा या पंथाचा मूळ विचार होता. मूळ विचारात तथ्यही होते, कारण त्या वेळची मोजमापे अपुरी होती आणि कागदावर निर्दोष दिसणारी काही यंत्रे कानाला कर्कश लागत. पण हळूहळू कान म्हणजे कोणाचा कान, हा प्रश्न बाजूला पडला. १९७९ च्या सुमारास साध्या दिव्याच्या तारेऐवजी जाड, महाग तारा विकणारी कंपनी निघाली आणि बघता बघता तारांचा मोठा बाजार उभा राहिला. १९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने पन्नास तास परीक्षा घेतली. पुरेशा जाडीची साधी तार आणि ती नामांकित तार यांतला फरक संगीत ऐकताना श्रोत्यांना ओळखता आला नाही.

या परीक्षांची रीत नीट समजून घेतली पाहिजे. मोटारींचे शहर जे डेट्रॉइट, त्याच्या परिसरातल्या हौशी मंडळींनी सत्तरीच्या दशकात एक पेटी तयार केली. एक यंत्र ‘अ’, दुसरे ‘ब’, आणि तिसऱ्या कळीला ‘क्ष’. ‘क्ष’ म्हणजे ‘अ’ किंवा ‘ब’ यांपैकीच एक; पण कोणते, हे श्रोत्यालाही ठाऊक नसते आणि परीक्षा घेणाऱ्यालाही नसते. हवे तितका वेळ ऐका, हवे तितक्यांदा कळ फिरवा आणि ‘क्ष’ कोण ते सांगा. अट एकच : दोन्हींचा आवाज विजेच्या मापकाने अगदी समान करून घ्यायचा. कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे मर्म फार पूर्वीपासून अवगत आहे.

आम्हा युनियनवाल्यांना ही रीत वाचताच ओळखीची वाटली. हे गुप्त मतदान आहे. गेटसभेत हात वर करायला सांगितले आणि समोरच्या खिडकीत साहेब उभा असला, तर हात किती वर जातात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हात वर न करणारा लबाड नसतो. त्याच्यावर दबाव असतो, आणि कित्येकदा तो दबाव त्याचा त्यालाही कळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांची खरी प्रतिनिधी युनियन कोणती, हे गुप्त मतदानाने ठरवा, अशी मागणी वर्षानुवर्षे झाली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ती वाट दिली नव्हती. तो कायदा रद्द करा, ही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची एक प्रमुख मागणी होती. किंमत, कंपनीचे नाव, चकाकणारी पेटी आणि शेजारी उभा असलेला विक्रेता, हे सगळे त्या खिडकीतल्या साहेबासारखे आहेत. ते समोर असताना कानाने दिलेले मत कानाचे नसते.

जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने अ‍ॅम्प्लिफायरांचे असेच मतदान घेतले. सुमारे २२० डॉलरांच्या साध्या यंत्रापासून १२००० डॉलरांच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत सहा यंत्रे होती. पंचवीस श्रोत्यांत महागड्या यंत्रांवर श्रद्धा असणारेही होते. निकाल पुन्हा नाणेफेकीचाच लागला. २००७ साली बॉस्टनमधल्या दोन अभ्यासकांनी अतिसूक्ष्म डिजिटल ध्वनिमुद्रण आणि साधी सीडी यांची तुलना प्रसिद्ध केली. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याला एक कमीच. ‘स्टिरिओफाइल’चे संस्थापक गॉर्डन होल्ट यांनीही त्याच वर्षी आपल्याच पंथावर ठपका ठेवला. अशा परीक्षा नाकारल्यामुळे हा व्यवसाय आपली विश्वासार्हता गमावून बसला, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थापकाने स्वतःच दिलेल्या या साक्षीचे वजन मोठे आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. परीक्षेच्या ताणाने कान बधिर होतो, खरा फरक महिनोन्‌महिने ऐकल्यावर कळतो, असे ते म्हणतात. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण ज्या परीक्षेत यंत्रांचा फरक हरवतो, त्याच परीक्षेत आवाजाच्या पातळीतला अल्पसा फरक श्रोते अचूक पकडतात. बधिर झालेला कान ते करू शकला नसता. दुसरे असे की काही व्हॉल्व्हची यंत्रे खरोखरच निराळी वाजतात. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’च्या संपादकांसमोर असे एक महाग यंत्र घेतले. त्याचा आणि आपल्या सुमारे ७०० डॉलरांच्या यंत्राचा आवाज एकमेकांतून वजा करून जी बाकी राहील ती ऐकत, त्यांनी आपले यंत्र महागड्यासारखे वाजवून दाखवले. पुढे त्यावरून वाद झाले. तरी एवढे दिसले की तो निराळेपणा मोजता येतो आणि स्वस्तात उतरवताही येतो. जी वस्तू मोजता येते तिच्यावर गूढतेचा भाव लावणे न्याय्य नाही.

मग पैसा कोठेच कामी येत नाही काय? येतो. स्पीकर एकमेकांहून खरोखर निराळे असतात. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिले की पडद्याआड ऐकताना बहुतेक श्रोते समतोल, न रंगवलेल्या आवाजाचा स्पीकर पसंत करतात. मोठ्या खोलीत खोल खर्ज भरायचा तर मोठी पेटी आणि पैसा लागतोच. खोलीच्या उघड्या भिंतीही आवाज बिघडवतात, तेथे जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट महागड्या तारेपेक्षा अधिक काम करते. परंतु येथेही किंमत ही खूण भरवशाची नाही. १९९४ साली टूल आणि ओलिव्ह यांनी एका ध्वनियंत्र कंपनीतल्या चाळीस नोकरांकडून चार स्पीकर तपासून घेतले, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. लहान, स्वस्त संचाला पडद्याआड चांगले गुण मिळाले होते. तो दिसताच त्याचे गुण घसरले. हे कान रोज ध्वनीवर पोट भरणाऱ्यांचे होते. २०१७ साली २८३ हेडफोनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही आवाजाची घडण आणि किंमत यांत काही नाते आढळले नाही.

२०२२ चा प्रसंग तर फार बोलका आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या तबकड्या काढते. तिच्या काही तबकड्या सव्वाशे डॉलरांच्या. मूळ फितीवरून, मध्ये डिजिटल टप्पा न आणता त्या तयार होतात, अशी खरेदीदारांची समजूत होती. प्रत्यक्षात २०११ पासून कित्येक तबकड्यांत डिजिटल टप्पा होता. डिजिटलचा स्पर्श आपल्याला क्षणात कळतो असे म्हणणाऱ्या जाणत्यांनी त्याच तबकड्यांची वर्षानुवर्षे वाखाणणी केली होती. प्रकरण कोर्टात गेले. कंपनीवर फसवणुकीचा आरोप झाला, आणि तो आरोप आपल्या जागी योग्यच होता. पण कानांनी तक्रार केली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

कोणी म्हणेल, महाग यंत्र सुंदर असते, टिकते, दुरुस्त होते, कसबी हातांना काम देते. हे सारे आम्हांला मान्य आहे. कसबाचा दाम द्यावा, आनंदाने द्यावा. मात्र त्याला कसबाचा दाम म्हणावे, आवाजाचा म्हणू नये. पेटीच्या किमतीत ती घडवणाऱ्या कारागिराचा वाटा किती, हे कोणत्याही किंमतपत्रिकेवर लिहिलेले नसते, ही गोष्टही त्यासोबत लक्षात ठेवावी.

खरेदी करणाऱ्याने एक साधा प्रयोग करावा. मित्राला पडद्यामागे बसवावे, दोन्ही यंत्रांचा आवाज मापकाने समान करावा आणि सोळा वेळा ऐकावे. नुसत्या नशिबाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शेकडा चारच्या आत असतो. बारा आली तर खुशाल पैसे मोजावेत. न आली तर ते पैसे मुलांच्या पुस्तकांना, गाण्याच्या बैठकीला किंवा चांगल्या स्पीकरला लावावेत.

आणि शेवटी ज्या कानांची किंमत कोणीच लावत नाही त्यांच्याविषयी. मागाच्या खात्यातला गोंगाट नव्वद डेसिबेलच्या वर सहज जातो. आपल्याकडच्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी नव्वदाची मर्यादा घातली, आणि गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील रोगांत झाला. हा बहिरेपणा सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होतो. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने ज्या स्वरांनी ओळखू येतात त्यांच्या जवळच हा घाव बसतो. म्हणून म्हाताऱ्या विणकराला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. वीस हजारांच्या वरची कंपने पन्नाशीतल्या कोणत्याही माणसाला ऐकू येत नाहीत, तरी त्यांच्यासाठी बाजारात यंत्रे विकली जातात. आणि चार हजारांची कंपने वाचवणारे कानबंद कामगाराला मागून घ्यावे लागतात. प्रत्येक गोंगाटाच्या खात्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हावी आणि तिचा निकाल कामगाराच्या हाती पडावा, ही मागणी आम्ही या व्यासपीठावरून पुन्हा करीत आहोत. ऐकणाऱ्यांनी तिला आपला आवाज द्यावा.